उलट्या आट्याचा नट

"बंडा, वाच की मोठ्यानं. माझा चष्मा गाडीतच राहिला," दौलत म्हणाला.

पाटीवरचं मी कधीच वाचलं होतं. तोंड तेवढं उघडत नव्हतं. तो काठीवर भार टाकून माझ्याकडं बघत उभा राहिला, तेव्हा वाचावंच लागलं.

"सरनोबत स्पेशल. बांधणी, पांडुरंग ऊर्फ बंडा लोहार, कोल्हापूर, एकोणीसशे शहाण्णव. त्याच वर्षी डिसेंबरात, याच ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर चालक दौलत सरनोबत यांचा वेगावरचा ताबा सुटून अपघात. निशाण दाखवणारे बाळू चौगुले यांचा चाक लागून जागीच मृत्यू."

"बरोबर लिवलंय," दौलत म्हणाला. "एका अक्षराची चूक न्हाई."

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर इंगवले साहेबांचा रेसचा ट्रॅक होता, माळावर. त्याच्या कडेला त्यांनी जुन्या शर्यतीच्या गाड्यांचं संग्रहालय उभं केलं, आणि उघडायच्या दिवशी आम्हां दोघांना मानानं बोलावलं. मला जायचं नव्हतं. गुडघा दुखतोय म्हटलं, भाचीच्या घरची वास्तुशांत आहे म्हटलं. दौलत काय ऐकतोय! दारात गाडी आणून हॉर्न वाजवत बसला, पुढं चालवायला मलाच बसवलं.

दौलत म्हणजे माझा जिवलग. मी लेथवर ट्रकचे सुटे भाग करणारा मिस्त्री, आणि तो बापाची गुऱ्हाळं सोडून मोटारींच्या नादाला लागलेला. आम्ही दोघांनी मिळून ती गाडी बांधली होती. इंजिन मारुतीचं, सांगाडा आमचा, चाकं ज्यावर बसतात ते हब मी स्वतः लेथवर काढलेले. अपघातात त्याचा डावा पाय मोडला, तो कायमचाच अधू राहिला. पण पायाचं त्यानं कधी काढलं नाही. त्याला खात होता तो बाळू चौगुले. आपल्या मस्तीपायी एक बायको-पोरांचा माणूस गेला, हे त्यानं मनाशी धरलं ते धरलंच. दर डिसेंबरात तो माळाखालच्या गावात बाळूच्या बायकोकडं जायचा. पायामुळं त्याला एवढं अंतर गाडी चालवायला जमायचं नाही, म्हणून मीच न्यायचो. शाळेच्या कोपऱ्यावर गाडी लावून बसायचो. तो बोळात जायचा, अर्ध्या तासानं परत यायचा, आणि कोल्हापूर येईपर्यंत बोलायचा नाही. एकवीस वर्षं हे चाललेलं.

पाटीसमोरचा चौथरा मोकळाच होता. बाजूला गाडीचा एक फोटो लावलेला.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"भाईर." दौलत गालात हसला. "आज चालणार हाय ती. आठ फेऱ्या."

"चालणार? तिचा तर पार चुराडा झाला होता!"

"तुझ्या इरफाननं उभी केली. तुला कळू द्यायचं न्हाई म्हणून सहा म्हैने गप हुता. आणि चालवणार कोण सांगू?" त्यानं काठी जमिनीवर आपटली. "आमची संयू."

 संयोगिता त्याची एकुलती एक. अपघात झाला तेव्हा तीन वर्षांची होती. या माणसानं पोरीला स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. ती पुण्यात शिकायला गेली आणि बापाच्या चोरून शर्यतीची गाडी चालवायला शिकली. कळल्यावर दौलत महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता.

"तू परवानगी दिलीस?"

"दिली. किती दिवस भ्यायचं, बंडा? मी चुकलो म्हणून काय पोरीनं चुकायला पायजे? ती शांत डोक्याची हाय. आईवर गेलीया."

आम्ही बाहेर आलो. ट्रॅकच्या कडेला मांडव घातलेला, दोन-तीनशे माणसं, कर्ण्यावर इंगवले साहेबांचं भाषण. आणि उन्हात ती गाडी. तोच निळा रंग, नाकाडावर तोच पिवळा पट्टा. मी लांबच उभा राहिलो. बांधताना जिच्यावरनं हात फिरवला होता, तिच्या जवळ जायला मला धीर होईना.

इरफान मणेर पळत आला आणि माझ्या पाया पडला. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली होता, आता स्वतःचं गॅरेज. पंचेचाळिशीचा बाप्या, पण माझ्यासमोर अजून मान खाली घालूनच बोलतो.

"उस्ताद, रागावू नका. तुम्हाला दाखवायचंच हुतं, पर तयार झाल्यावर. पुढची उजवी बाजू पार गेली हुती, तिथला हब नवा काढलाय. बाकीचं समदं तुमच्याच हातचं."

"आज फिरवून बघितलीस?"

"सकाळी चार फेऱ्या मारल्या. नाद खुळा गाडी हाय! एवढंच, की पुढच्या उजव्या चाकाचा नट दर फेरीनंतर आवळला की पाव आटा फिरतोय. नवा आटा हाय, बसतोय हळूहळू. आता शेवटचा पाना मारतो आन सोडतो."

तो गाडीपाशी गेला, गुडघ्यावर बसला, आणि उजव्या चाकाच्या मधल्या नटाला पाना लावून त्यानं तो सुलट्या अंगानं, घड्याळाच्या काट्यासारखा, आवळला. मी बघत होतो. मी मांडवाचा खांब घट्ट धरला.

"इरफान, हिकडं ये." तो आला. "गाडी सोडू नको आज."

"का हो, उस्ताद?"

"पेट्रोलचा वास येतोय मला."

तो गेला, गाडीखाली आडवा झाला, नळीन् नळी बघून आला. "काय न्हाई, उस्ताद. कोरडी ठाक हाय."

"मग तो हब, नटासकट. तो बदल."

"बदलू? आता?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय चुकलंय का? तुम्ही शिकवलं तसंच काढलंय की. डावीकडं उलटा आटा, उजवीकडं सुलटा. आन आता दुसरा हब आणायचा कुठनं?"

 काय चुकलंय ते त्याला सांगायचं, तर ते मला कसं ठाऊक हेही सांगावं लागलं असतं.

दौलतला बाजूला घेतलं. म्हटलं, "पोरीला नको बसवूस. माझं मन सांगतंय."

"तुझं मन गेल्या एकवीस वर्षांत तुला काय सांगत नव्हतं, आन आजच कसं सांगाया लागलं?" तो हसत म्हणाला. थट्टाच होती, पण मला ती लागायची तिथं लागली.

एवढ्यात संयू आली. डोक्याला हेल्मेट, हातमोजे चढवलेले. "बंडाकाका, असं काय तोंड केलंय? तुमचीच गाडी आहे. तुम्ही बांधली म्हणून तर मी बिनधास्त बसतेय!"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हेल्मेटवरच ठेवला तो. त्या वेळी बोललो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. बोललो नाही.

गाडी सुटली.

पहिली फेरी तिनं दमानं घेतली. दुसरीला आवाज चढला. मांडवासमोरून गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, दौलत काठी उंच करून ओरडला, "भले शाबास!" मी चाकाकडं बघत होतो. एवढ्या वेगात काय दिसणार? तरी डोळे फाडफाडून बघत होतो.

मनात एकच हिशेब चालला होता. त्या वेळी बारा फेऱ्यांची शर्यत होती आणि दौलतचं चाक नवव्या फेरीला गेलं. आज आठच फेऱ्या आहेत. शिवाय पोरगी त्याच्यासारखी दामटत नाही. आठ फेऱ्या टिकेल. टिकेलच. उतरली की इरफानला कोपऱ्यात घेऊन काहीतरी कारण सांगू, हब बदलून घेऊ, कुणाला कशाचा पत्ता लागायचा नाही. तिसरी, चौथी, पाचवी फेरी मी असाच उभा होतो. पुढं मी बऱ्याच जणांपाशी बऱ्याच गोष्टी कबूल केल्या, पण त्या फेऱ्या मोजत मी गप्प उभा होतो, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

सातवी झाली.  एकच राहिली. आता सुटलो, असं मनाशी म्हणतोय तोवर कर्णा वाजला.

"मंडळी, आपल्या टाळ्यांना मान देऊन, संयोगिताताई आणखी चार फेऱ्या मारणार आहेत!"

लोक शिट्ट्या मारायला लागले. कडेला इरफाननं पाटी उंच धरली, चार बोटं दाखवली. संयूनं जाता जाता हात केला.

मग मात्र मी धावलो. एकसष्ट वर्षांचा होतो, गुडघा खरंच दुखत होता. तिसरं वळण संग्रहालयाच्या पाठीमागंच, दोनशे पावलांवर. मांडवाची दोरी ओलांडली, कुणीतरी "ओ आजोबा!" म्हणून ओरडलं, मी मागं बघितलं नाही. वळणावर निशाणं घेऊन पोलिसातले निवृत्त हवालदार पाटील उभे होते. त्यांच्या कमरेला खोचलेलं लाल निशाण मी ओढून घेतलं.

"अहो, काय करताय? लाल दाखवायचा हुकूम न्हाई!"

"हुकूम गेला खड्ड्यात!"

मी थेट ट्रॅकच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. गाडीचा आवाज आधी आला, मग निळं नाकाड दिसलं. दोन्ही हातांनी निशाण हलवत होतो आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, "थांब! संयू, थांब पोरी!" तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. उजवं चाक थरथरत होतं, ते आता मला दिसत होतं, म्हाताऱ्याच्या पडायला आलेल्या दातासारखं हलत होतं. तिनं ब्रेक दाबले. गाडी तिरकी झाली, धूळ उडाली, आणि माझ्यापासून दहा-बारा हातांवर येऊन थांबली.

"काका! वेड लागलंय का तुम्हाला?" हेल्मेट काढून ती ओरडली. "चिरडलं असतं मी तुम्हाला!"

मी मटकन खालीच बसलो. तोवर इरफान पळत आला, आणि इंगवले साहेबांच्या जीपमधनं दौलत. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लोकही येत होते, त्यांना पाटलांनी लांबच अडवलं.

"नट बघा," मी म्हटलं.

इरफान पाना घेऊन वाकला. दौलतनं त्याला हातानं मागं सारलं आणि स्वतः खाली बसला, अधू पाय लांब करून. नटाला तीन बोटं लावली आणि फिरवला. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरावं तसा तो फिरला. दोनच आटे धरून होते.

संयू तिथंच बापाच्या खांद्याला धरून उभी राहिली. इरफान कपाळ बडवून घ्यायला लागला. "मी मारलं असतं हो पोरीला! या हातानं आवळला हुता!"

"तू न्हाईस," मी म्हटलं. "मी."

दौलतनं वर बघितलं. "तुला कसं कळलं, बंडा? नट ढिला होतोय हे मांडवातनं कसं कळलं?"

आता पळायला जागा नव्हती. आणि खरं सांगतो, पळायची इच्छाही उरली नव्हती.

"कारण तुझ्या चाकालाबी मी हाच आटा पाडला होता. आयुष्यभर ट्रकची कामं केली. ट्रकला डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, ते डोक्यात बसलेलं. पण या गाडीला चाकाच्या मध्ये एकच मोठा नट, इथं हिशेब बरोबर उलटा. उलटा आटा उजवीकडं पाहिजे. न्हाईतर चाक फिरता फिरता स्वतःच नट सोडवतं. मला ठाऊक नव्हतं, दौलत. शप्पथ सांगतो, तवा ठाऊक नव्हतं. सरावाला दर फेरीनंतर मी पाना मारायचो, तो पाव आटा फिरायचा. मी तुला काय म्हणायचो? नवा आटा हाय, बसतोय. शर्यतीत कोण पाना मारणार?"

"तवा ठाऊक नव्हतं," दौलत हळू म्हणाला. "मग कवा कळलं?"

"त्याच दिवशी. तुला दवाखान्यात नेलं आणि मी नट शोधत फिरलो. या वळणाच्या अलीकडं, शंभर पावलांवर गवतात पडला होता. आटे शाबूत, एक ओरखडा न्हाई. म्हणजे तू वळणावर यायच्या आधीच चाक सुटत होतं. तुझा ताबाबिबा काय सुटला नव्हता."

"नट कुठाय?"

"रंकाळ्यात टाकला."

 लांबून कर्ण्यावर कसलं तरी गाणं लागलेलं ऐकू येत होतं.

"मी दवाखान्यात तुला सांगितलं हुतं," दौलत म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. "म्हटलं हुतं, बंडा, वळायच्या आधीच स्टेअरिंग हाताला लागेना झालं. तू माझ्या उशाला बसला हुतास. तू काय म्हणालास, आठवतंय?"

मला आठवत होतं.

"तू म्हणालास, वेगात हुतं असं, माणसाला भास हुतो."

"भ्यालो होतो, दौलत. माणूस मेला होता. आधी वाटलं चार दिवसांनी सांगू. मग चार म्हैने झाले. मग सांगायचं तोंडच राहिलं न्हाई."

तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो संयूच्या आधारानं उठला आणि तिच्याकडं वळून, लहान पोरासारखा, पुन्हापुन्हा तेच म्हणत राहिला, "संयू, मी चुकलो न्हवतो गं. मी चुकलोच न्हवतो." ती रडत होती. मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाडी काढ. खाली गावात जायचं."

शाळेच्या कोपऱ्यावर मी सवयीनं गाडी थांबवली.

"आज तूबी उतर," दौलत म्हणाला.

बोळाच्या टोकाला कौलारू घर, पुढं सारवलेलं अंगण. दौलतनं अंगणाच्या कडेला चपला काढल्या आणि तिथंच थांबला. संयू पुढं जायला लागली तशी त्यानं तिचा हात धरला.

"हितंच उभारायचं. ह्याच्या फुडं तिनं कधी बोलावलं न्हाई."

"आणि अर्धा तास काय करायचास?" मी विचारलं. एकवीस वर्षं गाडीत बसून मी समजत होतो, आत चहापाणी होत असेल, चार शब्द होत असतील, माणसं माफ करतात.

"उभाच असायचो. ती दारात यायची, बघायची, आत जायची."

बाळूची बायको आक्काताई बाहेर आल्या. साठीच्या आसपासच्या, हाताला पीठ लागलेलं. दौलतला बघितलं, मग आम्हां दोघांना. डिसेंबर नसताना हा कसा आला, याचं नवल वाटलं असेल त्यांना. नेहमीसारख्याच वळून आत निघाल्या तशी मी हाक मारली.

"वहिनी, जरा थांबा. तुमच्या मालकाचा जीव दौलतच्या हातनं न्हाई गेला. माझ्या हातनं गेला."

आणि मी सगळं सांगितलं. आटा, पाना, गवतातला नट, रंकाळा. दाराच्या चौकटीला हात टेकून त्या ऐकत राहिल्या. आट्याचं त्यांना किती कळलं ठाऊक नाही, पण रंकाळ्याचं कळलं.

"तवाच का न्हाई सांगितलंसा?" त्यांनी विचारलं.

"भ्यालो."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ त्या दौलतच्या अनवाणी पायांकडं बघत होत्या. मग पदराला हात पुसले, अंगणात उतरल्या आणि त्याच्या काठीच्या हाताला धरलं.

"आत या, दौलतराव. लई वर्सं उन्हात उभं केलं तुमास्नी. पोरीलाबी घ्या. च्या टाकते."

दौलतला ती पायरी चढायला जमेना. एका बाजूनं संयूनं धरलं, एका बाजूनं त्या माउलीनं. आत गेल्यावर त्याचं रडणं मला अंगणात ऐकू आलं. मी तिथंच उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं.

थोड्या वेळानं आक्काताई दारात आल्या. माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही डिसेंबरात या," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तेव्हापासून मी दर डिसेंबरात जातो. दौलत माझ्या गाडीत बसत नाही, त्याला संयू आणते. तो आधीच आत बसलेला असतो, कपबशांचा आवाज येतो, कधी हसण्याचाही. मी अंगणाच्या कडेला चपला काढून उभा राहतो. आक्काताई दारात येतात, बघतात, आत जातात. यंदाचं हे आठवं वर्ष.